वाढत्या मापाचा कटर

मशीनचा आवाज चालू असला की मी कामाला लागायचे आणि आवाज थांबला की हातातलं काम सोडून उभी राहायचे. गेल्या हिवाळ्यातले माझे दिवस असेच गेले.

आमचे हे मोसंबीच्या बागेत लाकूड कापत असायचे आणि मी आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातला गोठा, त्याला लागून पत्र्याची एक खोली आणि बाहेर चूल. मधे झाडांच्या ओळी. इकडून काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मशीन लाकडात शिरलं की आवाज जाड व्हायचा, लाकूड तुटून पडलं की एकदम बारीक आणि चिडका. तो मधेच थांबला की मी मनात म्हणायचे, पेट्रोल भरत असतील. पाणी पीत असतील. साखळी आवळत असतील. एवढी कारणं संपली तरी आवाज परत आला नाही की माझे पाय आपोआप बागेकडं वळायचे. दर वेळी हे तिथं धडधाकट उभे असायचे.

‘काय, बघायला आली का, जिता हाय का मेला?’

मला असलं अभद्र बोललेलं खपत नाही. ‘पाणी घेऊन आलते,’ मी फणकाऱ्यानं म्हणायचे, आणि माझ्या हातात तांब्या नसायचा.

माझ्या नाकावर राग असतो हे माहेरापासून सासरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवसांत मी रागानं नाही, भीतीनं चिडत होते. ह्यांचा डावा खांदा अधू आहे. बदनापूरच्या फाट्यावर मोटरसायकल घसरून पडले होते. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांच्याच टेबलावर ठेवून घरी आले.

‘डावाच तर हाय,’ मला म्हणाले. ‘डाव्याला काय काम असतंय?’

बाग आमच्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी लावलेली. खड्डे ह्यांनी खांदले, रोपं ह्यांनी लावली, मी डोक्यावर हंडे वाहून पाणी घातलं. मोसंबीचं झाड काही माणसाएवढं जगत नाही. आमची झाडं म्हातारी झाली होती. शेंड्याकडून वाळत वाळत खाली येत होती, खोडाला डिंक सुटला होता, फळ लिंबाएवढं झालं की गळून जायचं. बाग काढायची हे ठरलं तेव्हा लाकडाचा ठेकेदार दारात येऊन उभा राहिला. त्याची माणसं येतात, बघता बघता रान साफ करतात आणि सगळं लाकूड गाडीत भरून नेतात. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि परत लावून दिला.

‘माझ्या हातानं लावलीय, माझ्या हातानं काढीन,’ म्हणाले. ‘परक्याचं हत्यार माझ्या झाडाला लागू देणार न्हाई. अन् लाकूड आपल्याच चुलीला जाईल.’

ते ऐकून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पाठोपाठ खांदा आठवला. मला दोन्ही हवं होतं. बाग ह्यांच्याच हातानं निघावी, आणि बाग निघाल्यावर तो हात अंगाला शाबूत असावा.

आता मशीन कसं घेतलं ते सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं. लाकूड कापायच्या पेट्रोलच्या मशीनला आमच्याकडं नुसतं कटर म्हणतात.

आमच्या सासरी वस्तू मापाची घेत नाहीत, वाढत्या मापाची घेतात. पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात ते ठीक, सगळेच घेतात. पण ह्या घरात चप्पल वाढती, पातेलं वाढतं, बैलाची झूलसुद्धा वाढती. लग्नात मला घातलेली जोडवी एवढी सैल होती की पहिल्याच आठवड्यात त्यातलं एक रानात पडलं. सासूबाईंनी नवीन करून आणलं, तेही वाढत्या मापाचं, आणि दोन्हींना दोरा गुंडाळून दिला. ‘पोरगी अजून भरायची हाय,’ म्हणाल्या. मी काही भरले नाही. दोरा मात्र बरीच वर्षं टिकला.

विहिरीवरच्या मोटारीच्या बाबतीत ह्या सवयीत शहाणपणही असेल. आमच्याकडं लाइट कधी पूर्ण दाबानं येत नाही. तीन हॉर्सपॉवरची मोटार पुरेल तिथं पाचची टाकली तर रडत-कुंथत का होईना, पाणी ओढते असा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यामुळं कुठलंही यंत्र एक नंबर वरचं घ्यावं हे ह्यांच्या आणि भाऊजींच्या डोक्यात पक्कं बसलेलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेजारीच राहतात, मनानं चांगले आहेत, पण मोबाइलवर दिसलं ते सगळं खरं मानतात. कटर घ्यायचं ठरल्यापासून ते आम्हाला कुठल्या कुठल्या देशांतले व्हिडिओ दाखवत होते. आभाळाला टेकलेली झाडं, आणि ती आडवी करणारी हातहातभर लांब मशीनं.

‘भाऊजी, आपल्या मोसंबीला शेळीसुद्धा मान वर करून खाती,’ मी म्हणाले. ‘हे कुठलं जंगल दाखवून राह्यले तुम्ही?’

‘आयडिया येती ना, वहिनी,’ ते म्हणाले.

आम्ही तिघं जालन्याला गेलो. बियाण्यांच्या ऑफिसांच्या पुढं शेतीच्या यंत्रांचं एक दुकान आहे. भिंतीवर कटर ओळीनं टांगलेले होते, बारा इंची, चौदा, सोळा, अठरा, बावीस. इंची म्हणजे पुढच्या पोलादी पट्टीची लांबी. त्या पट्टीभोवती साखळी फिरते आणि साखळीचे दात लाकूड कापतात. पट्टी जितकी लांब तितकं मागचं इंजिन मोठं आणि तितकं वजन जास्त.

दुकानदार म्हातारे होते, पांढरी दाढी, गोल टोपी, बोलण्यात अर्धी उर्दू. त्यांनी सरळ विचारलं, ‘काय कापायचंय?’

इथं ह्यांनी मोसंबी म्हणायला हवं होतं. हे म्हणाले, ‘बाभूळ.’

आमच्या बांधावर एक जुनी बाभूळ आहे. दोन माणसांच्या कवेत मावत नाही. ती कापायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तिच्या सावलीला आमची दुपारची भाकर होते. पण शेतातलं सगळ्यात मोठं लाकूड कुठलं, ह्या हिशेबानं ह्यांना ती आठवली.

‘केवढी हाय?’

ह्यांनी दोन्ही हात पसरले. डावा हात नीट पसरला नाही, ते मी बघितलं.

‘मंग बावीसच घ्या,’ दुकानदार म्हणाले.

मी मधे तोंड घातलं. ‘अहो, मोसंबीचं खोड माझ्या मांडीएवढं. त्याला एवढी लांब पट्टी कशाला?’

‘मोठ्यानं बारीक कापता येतं. बारक्यानं मोठं येत न्हाई,’ हे म्हणाले.

‘अन् वाढतंच घ्यावं, वहिनी,’ भाऊजी म्हणाले. ‘कमी पडलं मंग पुन्हा चक्कर मारायची का?’

दोघं भाऊ एका बाजूला झाले की त्या घरात देवाचंही चालत नाही. बावीस इंची गाडीत पडलं. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. बोलले नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून आणखी चिडले.

पहिल्या दिवशी सगळं गोड वाटलं. ह्यांनी पेट्रोलात ऑइल मिसळून टाकी भरली, दोरी ओढली, धुराचा लोट उठला आणि मशीन ओरडायला लागलं. वाळलेलं झाड लोण्यासारखं कापलं गेलं. भाऊजी फांद्या ओढून बाजूला टाकत होते आणि टाकता टाकता व्हिडिओ काढत होते. पिवळ्याधमक लाकडाचे ओंडके पडले. मला वाटलं, आपणच उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ह्यांचा डावा हात मला खटकायला लागला.

अंघोळीला तांब्या नेहमी उजव्या हातात असतो, पण साबण डाव्यात असतो. साबण पडायला लागला. शर्टाची वरची गुंडी उघडीच राहायला लागली. जेवताना भाकर मोडायला डावा हात ताटापर्यंत यायचा, पण नंतर मांडीवर पडून राहायचा. मी विचारलं तर हे उठून जात होते.

बागेत तर उघडच दिसत होतं. मोसंबीचं झाड बुटकं. फांद्या छत्रीसारख्या खाली आलेल्या, काट्यांच्या, एकमेकीत गुंतलेल्या. वाकून आत शिरावं लागतं. मांडीएवढ्या खोडाला ती लांब पट्टी लावली की पलीकडून हातभर बाहेर निघायची. तिचं टोक कुठं जातंय ते ह्यांना दिसायचं नाही. आणि ते टोक सारखं खाली झुकायचं. कधी दगडात जायचं, कधी मातीत, कधी खालच्या फांदीत. माती लागली की साखळीची धार जाते. दिवस मावळायच्या आधी हे कानस घेऊन दात घासत बसायचे. उजव्या हातानं घासायचे आणि डाव्या हातानं नुसतं धरायचं, तरी तो हात हलायचा.

‘तुमचा हात थरथरतोय,’ मी म्हणाले.

‘मशीनचा थरथराट हाय तो.’

‘मशीन बंद हाय.’

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, कानस खाली ठेवली, आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. आमची बहुतेक भांडणं अशीच संपतात, एकानं उठून जायचं.

मी भाऊजींना गाठलं. म्हटलं, तुम्ही चालवा थोडे दिवस. ते म्हणाले, ‘मी म्हणलो होतो, वहिनी. दादा हात लावू देत न्हाई. माझी बाग हाय म्हणतो, मीच काढणार.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पण येईल बराबर. सवय होईल.’

सवय कशाची होणार होती? दुखायची का? मी एवढंच विचारलं.

ते घडलं त्या दिवशी सकाळपासून आभाळ आलं होतं. मी चहाची किटली घेऊन बागेकडं निघाले होते, ओळीच्या तोंडाशी पोचले होते, म्हणून मला ते दिसलं. झाड आडवं पाडलेलं होतं आणि हे त्याच्या फांद्या काढत होते. भाऊजी पाठमोरे, फांद्यांचा ढीग लावत होते. ह्यांनी पट्टी एका फांदीला लावली. टोक नेहमीसारखं झुकलं आणि पाल्याखाली दडलेल्या दुसऱ्याच एका जाड फांदीला लागलं.

पट्टी एकदम वर उसळली आणि ह्यांच्या तोंडावर आली. खरं सांगते, मला फक्त एवढंच दिसलं, की मशीन ह्यांच्याकडं वळलं. जसं मारकं जनावर मालकाकडं वळावं तसं. डावा हात त्याला अडवू शकला नाही. कोपरात दुमडला. पुढच्या मुठीसमोर एक प्लॅस्टिकची आडवी ढाल असते, ती ह्यांच्या मनगटावर आपटली आणि त्या धक्क्यानं साखळी जागच्या जागी थांबली. पट्टी येऊन मानेला टेकली. ह्यांच्या गळ्यात रुमाल गुंडाळलेला होता. थांबलेल्या साखळीचे दात त्या रुमालात रुतून बसले.

इंजिन चालूच होतं. हे तसेच उभे होते, मान वर करून, मशीन छातीशी धरून, आणि हलत नव्हते. भाऊजींनी धावत येऊन बटण दाबलं. आवाज बंद झाला. इतके दिवस त्या आवाजाच्या थांबण्याची मला धास्ती होती, आणि आता तो थांबला तेव्हा मी समोर होते.

किटली कुठं पडली मला माहीत नाही. रुमाल मी सोडवला. दातांत अडकलेला एकेक धागा ओढून काढला. माझी बोटं ह्यांच्या मानेला लागत होती. मान गरम होती आणि तिच्यातली शीर उडत होती. रुमालाच्या आत कातडीवर नुसता एक लाल ओरखडा, नखानं काढल्यासारखा. रक्तसुद्धा आलं नव्हतं.

मी ओरडले नाही. भाऊजी नंतर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही ओरडल्या न्हाईत तवा मला जास्त भ्या वाटलं.’

मशीन गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं. त्याच्यावर पोतं टाकलं ते मी. दोन-तीन दिवस त्याचं नाव कुणी काढलं नाही. हे आखाड्यावर येत होते, गुरांचं बघत होते, पण बसायचे ते रस्त्याकडं तोंड करून. बागेकडं पाठ. अर्धी बाग रिकामी झाली होती, अर्धी उभी होती. विहिरीकडची पहिली ओळ अजून हातच न लागलेली. पहिला खड्डा ह्यांनी त्या ओळीत खांदला होता, विहिरीच्या अगदी कडेचं झाड.

मग एका सकाळी, चहा पिता पिता, बशीत बघत म्हणाले, ‘ठेकेदाराला बोलावून घे.’

हे ऐकायला मी देव पाण्यात घालून बसले होते. आणि ऐकलं तेव्हा ते मलाच नकोसं झालं. ह्यांनी कधी हार मानलेली मी बघितली नव्हती. बागेवर ओळीनं दुष्काळ आले तेव्हाही मानली नव्हती, टँकरनं पाणी घातलं होतं. आता हे स्वतःच्या हातापुढं हरले होते. मी म्हणाले, ‘बरं.’ भाऊजींनी फोन लावला. ठेकेदार म्हणाला, परवा माणसं घेऊन येतो.

म्हणजे मधे एकच दिवस होता. मला राग आला. ह्यांच्यावर आला, भाऊजींवर आला, त्या बाभळीवर आला. दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना म्हणाले, ‘गाडी काढा, अन् ते धूड मागं टाका. जालन्याला जायचंय.’

‘दादाला?’

‘दादाला काही सांगायचं न्हाई.’

दुकानात तेच म्हातारे दुकानदार बसले होते. मी मोठं कटर त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, ‘चाचा, बाभूळ विसरा. लाकूड मोसंबीचं हाय, मांडीएवढं. अन् चालवणाऱ्याचा डावा खांदा मोडलेला हाय.’

त्यांनी कपाळाला हात लावला. ‘ये पैले बोलना था ना, भाभी! उजवा हात नुसती रेस देतो. वजन सगळा डावा झेलतो.’

डाव्याला काय काम असतंय. ह्यांचंच वाक्य माझ्या कानात वाजलं. मला तिथं दुकानात हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही दाबलं.

‘कितना वजन उठा सकते हैं?’ चाचांनी विचारलं.

भाऊजी म्हणाले, ‘दादा ना? तसा दादा मजबूत हाय.’

मी भिंतीपाशी गेले. ह्यांच्या डाव्या हाताचं माप मला पाठ होतं. हे मोटरसायकलवरून पडले त्या दिवसापासून मी ते रोज बघत होते, कुणाला न दाखवता. तो हात भरलेली कळशी उचलत नाही, उजवा लगेच मदतीला येतो. पाऊण भरलेली उचलतो आणि लगेच टेकवतो. अर्धी कळशी मात्र विहिरीपासून आखाड्यापर्यंत आणतो, आणि आणल्यावर आपण ती आणली हे त्याच्या लक्षातही नसतं. अर्धी कळशी केवढी असते हे बाईला कुणी सांगावं लागत नाही.

मी अठरा इंची डाव्या हातानं काढलं. ही भरलेली कळशी. परत टांगलं. सोळा घेतलं, छातीसमोर धरलं. पाऊण. चौदा त्याहून हलकं होतं, पण जरा वेळ धरल्यावर टोक खाली जायला लागलं. ते टोक खाली जाताना बघून मी मशीन घाईनं ठेवून दिलं. मग बारा इंची उचललं. धरून उभी राहिले. चाचा बघत होते, भाऊजी बघत होते, दारातलं एक गिऱ्हाईक बघत होतं. हात तसाच राहिला. पट्टी सरळ.

‘हे,’ मी म्हणाले.

‘मोसंबीला बिलकुल पुरतं,’ चाचा म्हणाले. ‘खोड थोडं जाड निघालं तर दोन बाजूंनी कापायचं.’

भाऊजींना राहवेना. ‘वहिनी, बारा फारच बारकं हो. चौदा तरी घ्या. थोडं वाढतं असावं.’

आणि चाचा, इतकं सगळं बोलून झाल्यावर, दुकानदारच ते, मान हलवून म्हणाले, ‘हां भाभी, थोडं वाढतं घेतलेलं बरं असतं.’

‘भाऊजी,’ मी म्हणाले, ‘आम्ही दोघं आता वाढून न्हाई राह्यलो.’

मी रागानं बोलायला गेले होते. तोंडातून निघालं तेव्हा त्यात राग नव्हता. भाऊजींनी खाली बघितलं. त्यांच्याही मिशा पांढऱ्या झाल्यात, ते मला तेव्हा नीट दिसलं. चाचांनी बारा इंची खोक्यात घातलं आणि मोठं मशीन ठेवून घेतलं.

घरी आल्यावर मी खोकं ह्यांच्यासमोर ठेवलं.

‘हे काय खेळणं आणलं?’

‘खेळून बघा.’

ह्यांनी उघडलं. मग पुढची मूठ डाव्या हातात धरून मशीन उचललं, छातीपर्यंत नेलं. हात थरथरला नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की ह्यांना कळलं. आपण लपवत होतो ते हिला पहिल्यापासून माहीत होतं, हे. आता उठून जातील असं मला वाटलं. गेले नाहीत.

‘ठेकेदार उद्या येणार हाय,’ मी म्हणाले. ‘त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.’

‘चहा पाजू त्याला,’ हे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बागेतून पुन्हा आवाज यायला लागला. पहिल्यापेक्षा बारीक होता. पट्टी आता खोडापलीकडं चार बोटंच निघायची आणि तिचं टोक ह्यांना दिसायचं. गळ्यात रुमाल घालायचा नाही, साखळीत ओढला जाईल, एवढी एक अट मी घातली होती. काम हळू चाललं होतं. एखाद्या जाड खोडाला दोन्ही बाजूंनी जावं लागायचं, आणि भाऊजी मोठ्या मशीनची आठवण काढून उसासे टाकायचे. माझी भीती गेली नव्हती. एकदा मानेवर पट्टी बघितल्यावर ती जात नसते. आवाज थांबला की मी अजूनही उभी राहत होते. फक्त आता हातात खरोखर तांब्या असायचा.

गोठ्यामागं लाकडांची रास पत्र्याला टेकली. शेवटी विहिरीकडची ओळ राहिली, आणि तिच्यातलं अगदी कडेचं झाड. त्याच्या फांद्या ह्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवल्या होत्या. त्या सकाळी भाऊजी बदनापूरला गेले होते. हे एकटेच बागेत गेले. मी चुलीपाशी होते. आवाज सुरू झाला, जाड झाला, म्हणजे पट्टी खोडात शिरली.

आणि मधेच थांबला.

लाकूड तुटल्यावर थांबणं वेगळं. हा जाड आवाज लाकडाच्या आतच बंद झाला. असा तो आजवर कधी थांबला नव्हता. मी कारणं काढत बसले नाही. तव्यावरची भाकर तशीच टाकून पळाले. चप्पल घालायचंही सुचलं नाही. मोसंबीचे काटे तळपायात मोडत होते ते नंतर कळलं. ओळीच्या टोकाला वळेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो रुमाल होता.

हे झाडाच्या आळ्याच्या काठावर बसलेले होते. मशीन शेजारी, बंद. खोडात अर्ध्यापर्यंत चीर गेलेली.

‘काय झालं?’ मी ओरडले. ह्या खेपेला ओरडले.

‘काय न्हाई,’ हे म्हणाले. ‘हात भरून आला, म्हणून बंद केलं.’

मी तिथंच शेजारी बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हात भरून आला असं ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. खांदा मोडला त्या दिवशीसुद्धा हे रस्त्यावर बसून मोटरसायकलचंच काय झालं ते विचारत होते. ओल्या भुशाला मोसंबीच्या सालीसारखा वास येत होता. पलीकडं बांधावर बाभूळ उभी होती, तिच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता.

‘टाइम लागू दे,’ हे म्हणाले. ‘बसू जरा. मंग काढतो.’

आणि डावा हात माझ्यापुढं केला, चोळून दे म्हणून. मी तो मांडीवर घेतला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत चोळत बसले.